हातावरची गाठ आणि घरातला खोकला

(सोलापुरात विडी कामगार स्त्रिया आणि वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्या यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

सकाळी आपण मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधीवर बोललो तेव्हा सगळ्या जाग्या होतात. आता जेवणं झालीत आणि विषय आहे लहान मुलांच्या टीबीच्या तपासणीचा. मघाशी ताटावर बसल्या बसल्या एकीनं विचारलंच, "ताई, हा डॉक्टरांचा विषय. बायकांच्या संघटनेत कशाला?"

तर तिथूनच सुरुवात करते. मुलाला कडेवर घेऊन दवाखान्याच्या रांगेत कोण उभं राहतं? हातावर सुई टोचली की तिसऱ्या दिवशी तो हात दाखवायला परत कोण जातं? त्या दोन दिवसांच्या दोन हजार विड्या कुणाच्या बुडतात? आणि रिपोर्टात काही निघालं की "तुझ्या माहेरचं आलं, तुझ्या दुधातून आलं" हे कुणाला ऐकावं लागतं? तपासणी मुलाची होते, पण घरी उलटतपासणी होते ती आईची. मी तीस वर्षं नर्स म्हणून वस्त्यांमधून फिरले, आणि हे इतक्या घरांत पाहिलं, की ही तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही हे आपल्या प्रत्येक कार्यकर्तीला कळलंच पाहिजे असं माझं मत झालं आहे. ते कळलं नाही तर ही गोष्ट बाईच्या डोक्यावर मारायचं आणखी एक लाटणं होऊन बसते.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. टीबीची लागण वेगळी आणि टीबीचा आजार वेगळा. खोकणाऱ्या माणसाच्या खोकल्यातून जंतू हवेत येतात, दुसऱ्याच्या श्वासातून आत जातात. बहुतेकांच्या शरीरात ते दबून राहतात. माणूस धडधाकट असतो, कामावर जातो, त्याच्यापासून कुणालाही काही होत नाही. ही नुसती लागण. जगातल्या सुमारे पाव माणसांना ती कधी ना कधी झालेली आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हा ह्या मांडवातही अशा कितीतरी जणी असणार, मीही असेन. यांतल्या शंभरातल्या पाच-दहा जणांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो.

हे झालं मोठ्यांचं. तान्ह्या मुलांचं गणित निराळं आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला लागण झाली आणि काहीच उपाय केला नाही, तर जवळजवळ निम्म्या बाळांना आजार होतो, आणि तो नुसता छातीचा राहत नाही. मेंदूच्या आवरणापर्यंत जातो, अंगभर पसरतो. बाळ मरतं, किंवा जगलं तर कान, डोळे, हातपाय, बुद्धी, काहीतरी गमावून जगतं. जन्मल्यावर दंडावर जी बीसीजीची लस देतात ती मुख्यतः याच भयंकर प्रकारांपासून बऱ्याच प्रमाणात वाचवते. पण लस दिली म्हणजे टीबी होणारच नाही, हे खरं नाही. आपल्याच देशात मद्रासजवळ चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ साली फार मोठी चाचणी सुरू झाली होती. मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या टीबीला बीसीजी रोखत नाही, असं तिच्यातून दिसलं. म्हणून "लस दिलीय की" म्हणून कुणी मुलाला घरी पाठवत असेल, तर तिथून हलू नका.

आता तपासणी. तिला आपल्याकडे सगळे मँटू म्हणतात. शार्ल मँटू नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १९०८ च्या सुमारास सुईनं टोचायची ही पद्धत मांडली. त्याच्या आधी १९०७ साली व्हिएन्नाच्या फोन पिर्के नावाच्या मुलांच्या डॉक्टरानं कातडीवर ओरखडा काढून हाच प्रयोग केला, आणि अजिबात आजारी नसलेल्या कितीतरी मुलांच्या हातावर खूण उठली. तेव्हा कळलं, की लागण झाली म्हणजे आजार झाला असं नव्हे. हा धडा शंभर वर्षं जुना आहे, पण आपल्या गल्लीत अजून पोचलेला नाही. आणि जे औषध टोचतात, ते शुद्ध करण्याचं काम अमेरिकेतल्या फ्लॉरेन्स सायबर्ट या बाईनं केलं, १९३० नंतरच्या काही वर्षांत. लहानपणी पोलिओ झाल्यानं त्या लंगडत चालत. त्यांच्या आधीचं औषध भेसळीचं, प्रत्येक वेळी ताकद निराळी, त्यामुळे खुणेवर भरवसा नसे. मँटूचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, या बाईंचं नाव मी नर्सिंगच्या वर्गात एकदाही ऐकलं नाही. असो.

हाताच्या पुढच्या भागावर, कातडीच्या आतल्या थरात अगदी थोडं औषध टोचतात. बरोबर टोचलं तर लगेच छोटा फुगा दिसतो. मग ४८ ते ७२ तासांत तो हात बघायचा. "बघायचा" म्हणते खरी, पण प्रत्यक्षात तो बोटांनी चाचपायचा असतो. लाली मोजायची नाही. कातडीखाली जो टणक भाग लागतो, त्याची आडवी रुंदी पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजायची. १० मिलिमीटर किंवा जास्त असेल तर लागण झाली असं धरतात. एचआयव्ही असलेल्या मुलात ५ लाही धरतात. तुमच्या कागदावर नुसतं "पॉझिटिव्ह" लिहिलं असेल तर विचारा, किती मिलिमीटर? कुणी मोजलं? कितव्या दिवशी? मी दाराच्या फटीतून लांबून हात बघून "निगेटिव्ह" लिहिलेलं पाहिलंय, आणि डास चावल्यासारखी लाली बघून "पॉझिटिव्ह" लिहिलेलंही पाहिलंय.

शिवाय ही खूण दोन्ही बाजूंनी फसवते. पोर फार कुपोषित असेल, नुकता गोवर होऊन गेला असेल, टीबीच अंगभर पसरला असेल, तर शरीरात प्रतिकाराची ताकदच उरत नाही आणि हात कोरा राहतो. म्हणजे ज्या पोराला सगळ्यांत जास्त धोका, त्याचाच हात "काही नाही" म्हणतो. लागण होऊन दोन-चार आठवडेच झाले असतील तरीही कोरा राहू शकतो. उलट बाजूनं, बीसीजीमुळे थोडीफार गाठ येऊ शकते. ठरल्यापेक्षा जास्त ताकदीचं औषध टोचलं तरी गाठ उगाच मोठी येते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: गाठ कितीही मोठी असो, मूल आजारी आहे की नाही हे ती सांगतच नाही. एवढंच सांगते, की या मुलाच्या श्वासातून कधीतरी जंतू आत गेलेत.

तरी आपल्याकडे या एका गाठीवर किती मुलांना "प्रायमरी" ठरवलं गेलं! तुमच्यातल्या निम्म्या जणींनी हा शब्द ऐकला असेल. पोर जेवत नाही, मानेत बारीक गाठी लागतात, वजन वाढत नाही. खाजगी डॉक्टर मँटू करतो, एक रक्ताची तपासणी, एक एक्स-रे, आणि सहा महिन्यांची औषधं. आई दागिना गहाण ठेवते. त्या पोराला कदाचित पोटभर जेवण आणि जंताचं औषधच हवं होतं. आणि ज्याला खरा आजार होता त्याचं काय? लहान मुलाला थुंकी काढता येत नाही, तो ती गिळतो. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून बारीक नळी घालून पोटातलं पाणी काढतात आणि सीबीनॅट यंत्रावर जंतू शोधतात. अलीकडे मुलाच्या शौचाचा नमुनाही त्या यंत्रावर चालतो. आजाराचा शोध असा घ्यायचा असतो: जंतू शोधून, एक्स-रे बघून, वजनाचा तक्ता बघून, आणि घरात कोण खोकतंय ते विचारून. एकट्या मँटूवरून नाही.

रक्ताच्या तपासणीबद्दल नीट ऐका, इथे फार फसवणूक झाली. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून टीबी ओळखतो असं सांगणाऱ्या तपासण्या वर्षानुवर्षं लॅबवाले पैसे घेऊन करत होते. त्या बिनभरवशाच्या आहेत असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं, आणि जून २०१२ मध्ये आपल्या सरकारनं त्यांच्यावर बंदी घातली. इग्रा नावाची दुसरी एक रक्ताची तपासणी आहे. ती बंदीतली नाही, आणि बीसीजीमुळे फसतही नाही. पण महाग आहे, आणि तीही मँटूसारखीच, लागण सांगते, आजार नाही. सी-टीबी नावाची एक नवी टोचायची तपासणीही आलीय. तिला २०२२ मध्ये मान्यता मिळाली आणि तीही बीसीजीमुळे फसत नाही. तेव्हा कुणी "रक्तावरून मुलाचा टीबी नक्की सांगतो" म्हणाला, तर पैसे देऊ नका.

आता मला खरं जे सांगायचंय त्याकडे येते. मुलाच्या हातावर गाठ आली याचा अर्थ काय? लहान मूल स्वतः बहुधा कुणाला टीबी देत नाही. त्याच्या खोकल्यात तेवढे जंतूच नसतात. त्याला तो कुणीतरी दिलेला असतो, आणि देणारा जवळपास एक खोकणारा मोठा माणूस असतो. तान्हं, पाळण्यातलं मूल असेल तर तो माणूस बहुतेक घरातच असतो. मूल आपल्या हातानं त्याच्याकडे बोट दाखवत असतं. पण आपण बघतो कुणाकडे? आईकडे.

पूर्व भागातल्या एका घरातलं सांगते. नाव-गाव सांगणार नाही. आई विड्या वळायची, शेजारी चार वर्षांचा मुलगा. मुलगा वाळत चाललेला, मँटू १६ मिलिमीटर. सासूनं त्याच दिवशी सुनेचं ताट-वाटी वेगळं केलं. सून खोकत होती खरी. विड्या वळणाऱ्या कितीतरी जणी खोकतात आणि "तंबाखूचा खोकला" म्हणून सोडून देतात. तिची थुंकी तपासली, एक्स-रे काढला. स्वच्छ. तरी घराचं समाधान होईना. त्या घरात एक माणूस असा होता की ज्याच्या खोकल्याबद्दल विचारायची कुणाची टाप नव्हती: सासरे. "त्यांचा दम्याचा आहे, जुना आहे." नातू रात्री त्यांच्याच कुशीत झोपायचा. थुंकीची डबी त्यांच्या हातात द्यायला मला पाच फेऱ्या लागल्या. सून तेलुगूत हळूच म्हणाली, त्यांना काही म्हणू नका, नाहीतर मलाच माहेरी धाडतील. शेवटी त्यांच्या मोठ्या बहिणीला मध्ये घातलं, तेव्हा डबी आली, आणि तिच्यात जंतू निघाले. म्हातारा औषधांनी बरा झाला. मुलालाही आजार निघाला, तोही सहा महिन्यांत सुधारला. पण सुनेचं ताट पुन्हा सगळ्यांच्यात यायला त्याहून जास्त दिवस लागले. आणि सासूनं "चुकलं" असं एकदाही म्हटलं नाही.

प्रत्येक वेळी असा माणूस सापडतोच असंही नाही. मूल शाळेत, शिकवणीत, रिक्षात जायला लागलं की लागण बाहेरूनही होते, किंबहुना मोठ्या मुलांत बाहेरूनच जास्त. तेव्हा "घरात कोणी नाही" हे उत्तर खरं असू शकतं. फक्त ते सगळ्यांची तपासणी करून आलेलं असावं. पुरुषांना वगळून नव्हे.

बाईलाच टीबी निघाला तर? चेन्नईच्या संशोधन केंद्राचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. आईबापांपैकी कुणाला टीबी झाला की शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ११ टक्के मुलांची शाळा सुटली होती आणि आणखी ८ टक्के मुलं कामाला लागली होती. बायकांना घराबाहेर काढण्याची उदाहरणं तर तुम्हीच मला सांगाल. "पोरांना लागेल" हे त्याचं कारण दिलं जातं. म्हणून मद्रासचा एक जुना प्रयोग पाठ करून ठेवा. तिथे १९५६ पासून टीबीच्या काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच औषध दिलं. नुसते रोगीच दोन्हीकडे सारखे बरे झाले असं नाही. घरी राहिलेल्यांच्या घरच्या माणसांना पुढे टीबी जास्त झाला असंही दिसलं नाही. जी लागण व्हायची ती औषध सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते, आणि नेमानं औषध सुरू झालं की खोकल्यातले जंतू झपाट्यानं कमी होतात. तेव्हा निदान झाल्यावर बाईला माहेरी धाडणं म्हणजे पोरांचं रक्षण नव्हे. पोरांचं रक्षण म्हणजे त्यांना तपासून गोळ्या सुरू करणं.

तान्हं बाळ असलेल्या आईचं तर फारच हाल होतात. बाळ ओढून घेतात, वरचं दूध लावतात. टीबी दुधातून जात नाही. आईनं औषध घ्यावं, खोकताना तोंडावर पदर नाहीतर मास्क धरावा, आणि पाजत राहावं. बाळाला आजार नाही हे तपासून प्रतिबंधक गोळ्या द्याव्यात. बाटलीच्या घाणेरड्या पाण्यानं हगवण लागून बाळ दगावलं, तर तेही आईच्याच नावावर लिहितात.

आणि आता हे मात्र लिहूनच घ्या. फुफ्फुसाचा टीबी असलेल्या माणसाच्या घरातलं मूल पाच वर्षांच्या आतलं असेल, तर प्रतिबंधक गोळ्यांसाठी मँटूची गरज नाही. खोकला, ताप, वजन न वाढणं, न खेळणं, मलूल पडणं यांतलं काही आहे का ते बघायचं. काही असेल तर आजाराची पूर्ण तपासणी. काहीच नसेल तर गोळ्या सुरू. आपल्या सरकारच्याच २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत हे आहे, आणि त्यांतच या गोळ्या घरातल्या सगळ्यांपर्यंत, मोठ्यांपर्यंतही, वाढवल्या आहेत. पाच वर्षांवरच्यांची तपासणी करावी, पण ती उपलब्ध नाही म्हणून गोळ्या नाकारू नयेत. "मँटूचं औषध संपलंय, पुढच्या महिन्यात या" हे उत्तर लहान मुलाच्या बाबतीत ऐकून घ्यायचं नाही. गोळ्या फुकट आहेत. धडधाकट दिसणाऱ्या पोराला रोज सहा महिने गोळी भरवणं किती कठीण आहे हे मला माहीत आहे. दोन वर्षांवरच्यांसाठी आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे घ्यायचाही एक प्रकार आहे, त्याची चौकशी करा. गोळ्या चालू असताना डोळे पिवळे दिसले, उलट्या लागल्या तर थांबून लगेच दाखवायचं.

जेवणाबद्दल एकच सांगते. झारखंडमध्ये केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. टीबीच्या रोग्यांच्या घरातल्या दहा हजारांहून जास्त माणसांवरचा तो अभ्यास होता. काही घरांत फक्त रोग्याला धान्य-डाळ दिली, काही घरांत घरातल्या सगळ्यांना. जिथे सगळ्यांना दिली तिथे नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी घटलं. आपल्या घरांत शेवटी आणि उरलेलं कोण जेवतं हे मी तुम्हाला सांगायला नको. रेशनचा मोर्चा हाही टीबीचाच मोर्चा आहे.

आपण मागायचं काय? मँटू वाचायला आईनं परत का यायचं? आशाताईनं किंवा नर्सनं तिसऱ्या दिवशी वस्तीत यावं. पट्टी घेऊन हात चाचपायला पाच मिनिटं लागतात. १९५१ साली देशभर बीसीजीची मोहीम सुरू झाली तेव्हा पथकं आधी मँटूसारखी तपासणी करत आणि तिसऱ्या दिवशी हात वाचून लस देत. जीप नव्हती तिथे बैलगाडीनं जात. तेव्हा जमलं ते आज शहरात का जमत नाही? दुसरं, घरात टीबी निघाला की घरातल्या सगळ्यांची तपासणी त्याच आठवड्यात व्हावी, आणि सुनेपासून नव्हे तर वयानं सगळ्यांत मोठ्या माणसापासून सुरू व्हावी. हे मी मुद्दाम म्हणते आहे. पहिली डबी सासऱ्यानं घेतली की बाकीच्यांवर डाग राहत नाही.

(यानंतर झालेल्या चर्चेतले दोन प्रश्न.)

प्रश्न: अंगणवाडीतल्या सगळ्याच मुलांची मँटू करून घ्यावी का? आम्ही तशी मागणी करणार होतो.

उत्तर: नको. सरसकट टोचत सुटलात तर खूप हातांवर गाठी निघतील, घराघरात भीती पसरेल आणि खाजगीवाल्यांचं फावेल. ज्यांच्या घरी-शेजारी रोगी आहे, जी मुलं वाळताहेत, सतत आजारी आहेत, त्यांच्यापासून धरा. अंगणवाडीकडे सगळ्यांची वजनं नीट घेण्याची आणि दोन महिने वजन न वाढलेल्या मुलाच्या घरी जाऊन "कोण खोकतंय?" एवढं विचारण्याची मागणी करा.

प्रश्न: माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिच्या वडिलांना टीबी आहे. दीर म्हणतात तिची तपासणी नको, गाठ निघाली तर पुढे स्थळ येणार नाही.

उत्तर: मुलाला घेऊन गेलात का? गेलात ना. मग तिलाही न्या. गाठ निघाली तर त्याचा अर्थ एवढाच की वडिलांच्या खोकल्यातले जंतू तिच्या श्वासातून गेलेत. ती आजारी नाही, तिच्यापासून कुणाला काही होणार नाही, आणि गोळ्या घेतल्या की पुढे आजार होण्याची शक्यता खूप कमी होते. हा कागद पाहुण्यांना दाखवायचा नसतो, दिरांनाही नाही. तपासलं नाही आणि लग्नानंतर बाळंतपणात आजार उफाळला, तर तिला कोण घरात ठेवील हे दिरांना विचारा. तुम्हाला एकटीला बोलणं जड जात असेल तर उद्या दुपारी आमच्यातल्या दोघी तुमच्याकडे येतात. विड्या वळायला बसतात त्या वेळी, म्हणजे दीर घरी असतील.